पाडण्याआधी माळा उघडा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मनोरुग्णालयांच्या जुन्या इमारती, त्यांतलं सामान आणि त्यांतली माणसं.



अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सेनेका नावाचं एक लांबट, खोल तळं आहे. त्याच्या पूर्व काठावर विलार्डचं मनोरुग्णालय होतं. 1869 साली ते सुरू झालं आणि सव्वाशे वर्षांनी, 1995 मध्ये बंद पडलं. बंद करायचं ठरल्यावर कुठल्याही सरकारी खात्यात जे होतं तेच तिथेही झालं. खाटा मोजल्या गेल्या, कपाटं मोजली गेली, दुसऱ्या संस्थेला काय द्यायचं आणि मोडीत काय काढायचं याचे हिशेब सुरू झाले. इमारतींमध्ये फिरून कामाचं काय उरलंय ते बघायची जबाबदारी तिथल्याच एका कर्मचारी बाईंकडे आली. फिरता फिरता त्या एका जुन्या इमारतीच्या माळ्यापर्यंत पोहोचल्या. रुग्णांना हातकाम शिकवायची कार्यशाळा जिथे चालायची, ती ही इमारत.

माळ्यावर कबुतरांचं राज्य होतं. सगळीकडे विष्ठेचे थर साचलेले. आणि त्या थरांखाली लाकडी मांडण्यांवर ओळीने लावलेल्या पेट्या. पुरुषांच्या एका बाजूला, बायकांच्या दुसऱ्या बाजूला, आडनावांच्या अक्षरक्रमाने. चामड्याच्या सुटकेस, ट्रंका, पुठ्ठ्याच्या पेट्या, टोप्यांचे डबे. एकूण चारशेहून जास्त. साधारण 1910 ते 1960 च्या दशकापर्यंत भरती झालेल्या माणसांचं हे सामान होतं. दाखल होताना ते काढून घेतलं गेलं, त्यावर नाव लिहिलं गेलं आणि ते माळ्यावर चढवलं गेलं. माणसं खाली वॉर्डात राहिली, म्हातारी झाली, बहुतेक तिथेच गेली. पेटी मागायला कुणी वर आलं नाही.

महोदय, हे पत्र त्या पेट्यांविषयी आहे. हजारो मैलांवरच्या पेट्यांचं पत्र मंत्रालयात कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ठाण्यात आहे, येरवड्यात आहे, नागपुरात आणि रत्नागिरीतही आहे. राज्याची ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली. ठाण्याचं 1901 मधलं. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं रेल्वे स्थानक उभं राहतंय ते याच रुग्णालयाच्या जमिनीवर, आणि बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या धर्तीवर तिथे नवं रुग्णालय बांधायची योजना आपल्याच खात्याने आखली आहे. ती योजना हवीच. गळक्या छपराखाली कुणी बरं होत नाही. पण जुनी भिंत पाडायला जेसीबी आत शिरतो तेव्हा माळ्यावर काय आहे, रेकॉर्ड रूमच्या मागच्या फळीवर काय आहे, हे बघायला आधी कुणी जातं का, एवढाच या पत्राचा प्रश्न आहे.

विलार्डमध्ये कुणीतरी गेलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. क्रेग विल्यम्स हे तेव्हा न्यूयॉर्कच्या राज्य संग्रहालयात अभिरक्षक होते. त्यांनी पेट्या पाहिल्या आणि त्या सगळ्या संग्रहालयात न्यायचा आग्रह धरला. संग्रहालयाच्या गोदामात पेट्या स्वच्छ झाल्या, आतली एकेक वस्तू मोजली गेली, क्रमांक पडले. नंतर डार्बी पेनी आणि डॉ. पीटर स्टॅस्टनी या दोघांनी त्यांतल्या काही पेट्या निवडल्या आणि त्यांच्या मालकांचे केसपेपर शोधून काढले. पेनी स्वतः मानसिक आजारातून गेलेल्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या, तर स्टॅस्टनी मनोविकारतज्ज्ञ. एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात केसपेपर धरून त्यांनी माणसं पुन्हा जुळवली. 2004 मध्ये ऑल्बनीच्या राज्य संग्रहालयात प्रदर्शन भरलं, 2008 मध्ये पुस्तक आलं.

पेटी आणि केसपेपर शेजारी ठेवले की काय दिसतं, ते इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे.

केसपेपरमध्ये माणूस आजारापासून सुरू होतो. भरतीची तारीख, लक्षणं, वर्तन, औषध. पुढे वर्षाकाठी एखादी ओळ: प्रकृतीत बदल नाही. पेटीतला माणूस त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. एक बाई स्कॉटलंडमधून आलेली परिचारिका. क्षयरोग्यांच्या रुग्णालयात नोकरी करता करता तिला स्वतःलाच क्षय झालेला. तिचं सामान एका पेटीत मावलं नाही, अठरा नग झाले. एवढं सामान घेऊन येणाऱ्या बाईला आपण इथून परत जाऊ असं वाटत असणार, नाहीतर कुणी संसार बांधून आणत नाही. दुसरी एक बाई गोधड्या शिवणारी. तिच्या पेटीत हाताने शिवलेली पांघरुणं आणि तान्ह्या बाळाचे कपडे निघाले. फिलिपिन्समधून शिकायला आलेला एक मुलगा होता. आपल्या देशाच्या स्वातंत्र्याची चळवळ करणाऱ्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता, ती पत्रं त्याने जपून ठेवली होती. विलार्डमध्ये तो साठ वर्षांहून अधिक काळ राहिला. अमेरिकी सैन्यात राहिलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या पेटीत कुटुंबाचे छान काढून घेतलेले फोटो होते. ब्रुकलिनच्या खाणावळीत फुटक्या ताटलीत जेवण वाढलं म्हणून तो संतापला, रस्त्यावर येऊन ओरडला, कचऱ्याचे डबे लाथाडले. पोलीस आले. त्यानंतर तो कधीच मोकळा राहिला नाही.

या माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. ती का देता येत नाहीत, याचंही एक प्रकरण आहे. त्याकडे येण्याआधी एका माणसाची पेटी जवळून पाहायला हवी. त्याचं नाव जाहीर आहे, आणि ते जाहीर व्हावं म्हणून लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

लॉरेन्स मोचा. मध्य युरोपातल्या गॅलिशिया प्रांतातून अमेरिकेत आलेला. न्यूयॉर्क शहरातल्या बेलव्ह्यू रुग्णालयात खिडक्यांच्या काचा पुसायचं काम करायचा. 1916 मध्ये एके दिवशी दारू प्यायलेल्या अवस्थेत तो मोठ्याने गाऊ लागला, शिट्ट्या मारू लागला. देवाचा आवाज ऐकू येतो, देवदूत दिसतात, असं म्हणाला. ज्या रुग्णालयाच्या काचा पुसत होता तिथेच त्याला ठेवून घेतलं, आणि 1918 मध्ये विलार्डला पाठवलं. त्याच्या पेटीत निघालं ते असं: काळे, ठेवणीतले बूट. दाढीचे मग. दाढीचे ब्रश. पँटचे पट्टे. लग्नाला किंवा नोकरी मागायला जाताना माणूस जे घालतो, चेहरा नीट करायला जे वापरतो, ते.

1937 च्या सुमारास मोचा विलार्डच्या दफनभूमीत थडगी खणू लागला. त्याच्याबरोबर राहणारी, त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारी माणसं मरत होती, आणि त्यांच्यासाठी हा माणूस खड्डा खणत होता. काटकोनात, तळ सपाट, कडा सरळ, असं काम. दीड हजारांहून अधिक माणसांना त्याने एकट्याने पुरलं. दफनभूमीत त्याची एक छोटी खोपटी होती, दिवसभर तो तिथेच असायचा. थडगी खणणाऱ्याला वेड लागलंय असं त्या तीस वर्षांत कुणाला जाणवलं असेल, अशी एकही गोष्ट त्याच्याबद्दल सांगितली जात नाही. तरीही त्याला घरी जा असं कुणी म्हणालं नाही. 1968 मध्ये तो नव्वद वर्षांचा होऊन वारला आणि त्याच जमिनीत पुरला गेला.

विलार्डच्या त्या दफनभूमीत 5,776 माणसं आहेत. बहुतेक थडग्यांवर नावं नव्हती, लोखंडी खुणा होत्या आणि त्यांवर आकडे होते. त्यातल्याही बऱ्याच खुणा पुढे काढल्या गेल्या, म्हणजे आकडासुद्धा गेला. आज तिथे मोठं मैदान दिसतं. गवत छान वाढतं.

आता नावांचं प्रकरण. पुढे त्या भागातल्या काही स्वयंसेवकांनी विलार्डच्या मृतांची नावं मागितली. दगडावर कोरू, निदान एक फलक लावू, असं त्यांचं म्हणणं होतं. राज्याच्या मानसिक आरोग्य खात्याने नकार दिला. कारण दिलं रुग्णाच्या गोपनीयतेचं. मेलेल्या माणसाचा आजार जाहीर करता येणार नाही. जॉन क्रिस्पिन या छायाचित्रकाराने 2011 पासून त्या पेट्यांचे फोटो काढले, तेव्हाही त्याला मालकाचं पूर्ण नाव देता येईना. पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर, बस. बुटांचा फोटो चालतो, पांघरुणाचा फोटो चालतो, माणसाचं नाव चालत नाही. खूप पाठपुरावा झाला, मोठ्या वर्तमानपत्रांतून लेख आले, आणि 2015 मध्ये अखेर लॉरेन्स मोचाच्या नावाचा स्मृतिफलक त्या दफनभूमीत लागला. 

गोपनीयतेचं तत्त्व चुकीचं नाही. जिवंत माणसाच्या केसपेपरवर त्याचाच हक्क. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही ते स्पष्ट आहे, आणि असायलाच हवं. पण थडग्यावरचं नाव म्हणजे केसपेपर नव्हे. क्षयाने गेलेल्याचं नाव लपवावं लागत नाही, पटकीने गेलेल्याचं लपवावं लागत नाही, मनाच्या आजाराने गेलेल्याचंच लपवावं लागत असेल तर ती लाज त्या माणसाची नाही, आपली आहे. आणि सरकारने ती शिक्का मारून जपायचं काही कारण नाही.

दुसऱ्या एका राज्याने हे वेगळ्या तऱ्हेने करून दाखवलं. ओरेगनच्या सेलम शहरातलं सरकारी मनोरुग्णालय 1883 मधलं. ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ हा गाजलेला सिनेमा तिथेच चित्रित झाला होता. 2004 मध्ये राज्याचे काही आमदार इमारतींची अवस्था पाहायला गेले असता एका खोलीत त्यांना तांब्याचे डबे सापडले. कुणी नेलेल्या नाहीत अशा रुग्णांच्या अस्थी. साडेतीन हजारांच्या आसपास डबे. ओल लागून कित्येकांवर हिरवे, निळे, पांढरे थर चढलेले. ते पाहून ओरेगनने गोपनीयतेच्या कायद्यातून वाट काढली आणि नावांची यादी जाहीर केली. यादी वाचून पणतू-पणत्या पुढे आल्या. ज्यांच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असा दंडक होता, अशा पणजीचा डबा लोक घरी घेऊन गेले. उरलेल्यांसाठी 2014 मध्ये स्मारक झालं आणि तिथे नावं कोरली गेली.

दोन्हीकडे इमारती जुन्या, कायदे जवळपास सारखे, आजार तेच. तरी एकीकडे नावं कोरली गेली आणि एकीकडे आकडेही उपटले गेले. फरक पडला तो राज्यकर्त्यांनी त्या खोलीत स्वतः जाऊन पाहण्याने. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिलं आहे.

बंद पडलेली मनोरुग्णालयं हल्ली जगभर एक वेगळंच आकर्षण ठरली आहेत. रात्री कुंपण ओलांडून आत शिरायचं, पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेल्या खाटा, एकटी पडलेली चाकांची खुर्ची यांचे फोटो काढायचे, भुताटकीच्या गोष्टी जोडायच्या. तो नाद समजण्यासारखा आहे. रिकाम्या वॉर्डात उभं राहिलं की कुणालाही काहीतरी होतं. पण अशा फोटोंमध्ये माणूस कुठेच नसतो, भीती असते. आणि तिथे राहिलेल्यांची भीती नव्हे, तिथे राहिलेल्यांबद्दलची भीती. ज्या माणसाने जन्मात कुणाला बोट लावलं नाही, त्याच्या खाटेला भुताची खाट करून टाकणं हा त्याच्यावरचा आणखी एक अन्याय आहे.

रिकाम्या इमारतीत माणूस शोधायचा कसा, ते इटलीतल्या व्होल्टेराला पाहावं. टस्कनीतलं हे जुनं डोंगरावरचं गाव. इथल्या मनोरुग्णालयात ऐन भरात चार हजारांवर माणसं होती. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझाल्या यांच्या चळवळीतून इटलीने 13 मे 1978 रोजी कायदा करून अशी रुग्णालयं बंद करायला घेतली. व्होल्टेराचंही बंद पडलं, झाडांनी वेढलं गेलं. पण गुन्ह्याच्या ठपक्याखाली आलेल्यांना जिथे ठेवत, त्या इमारतीच्या अंगणाच्या भिंतीवर एक मजकूर राहिला.

तो लिहिणारा ओरेस्ते फेर्नांदो नान्नेत्ती. जन्म रोमचा, 1927 चा. सरकारी कर्मचाऱ्याचा अपमान केला या आरोपावरून अडकला आणि व्होल्टेराला येऊन पोहोचला. कागद-पेन्सिल नव्हतं. रुग्णांच्या गणवेशाच्या बंडीला धातूचं बक्कल असायचं. रोज अंगणात सोडत तेव्हा तो त्या बक्कलाच्या टोकाने भिंतीच्या गिलाव्यावर कोरायचा. रेषा आखून पानं पाडायचा, पान भरलं की पुढचं पान. तारे, यंत्रं, ग्रह, बिनतारी संदेश, मृत्यूंच्या नोंदी. असं करत करत सुमारे 180 मीटर लांबीची भिंत भरली. अंगणात बाकावर काही रुग्ण भिंतीला टेकून तासन् तास न हलता बसलेले असत. नान्नेत्ती त्यांना उठवायचा नाही. त्यांच्या डोक्यांभोवतीची जागा सोडून लिहीत पुढे जायचा, असं तिथे सांगतात.

त्याच्याशी आल्डो त्राफेली नावाच्या एका शुश्रूषा कर्मचाऱ्याची मैत्री झाली. रुग्णालयात बहुतेकांना ती भिंत म्हणजे वेड्याचे ओरखडे वाटत होती. त्राफेलींनी बसून ती वाचली, त्याच्याकडून खुणा समजून घेतल्या, उतरवून ठेवलं. आज त्या मजकुराकडे विसाव्या शतकातल्या स्वयंभू कलेचा मोठा नमुना म्हणून पाहिलं जातं. भिंत मात्र पावसाने खात चालली आहे. गिलाव्याचे काही तुकडे काढून गावातल्या संग्रहालयात ठेवले आहेत, बाकीचा पडतोय.

व्होल्टेराच्या दप्तरात आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती पेट्यांपेक्षाही जास्त टोचते. पत्रं. रुग्णांनी घरी लिहिलेली, पोस्टात कधीच न पडलेली. रुग्णालयाने ती वाचली आणि केसपेपरला जोडून ठेवून दिली. आई, मला न्यायला कधी येतेस, अशा तऱ्हेचं विचारणारी पत्रं. घरच्यांना वाटलं, हा आपल्याला विसरला. रुग्णाला वाटलं, घरच्यांनी आपल्याला टाकलं. आणि दोघांच्या मधला कागद फायलीत टाचणीला. 1889 पासून 1974 पर्यंतची अशी पत्रं निवडून पुढे त्यांचं पुस्तक निघालं.

आता आपल्याकडे यायला हवं.

मराठीत ‘येरवडा’ आणि ‘ठाणे’ या दोन गावांची नावं शिवीसारखी वापरली जातात. ‘याला ठाण्याला भरती करा’, ‘येरवड्याची तिकिटं काढा’, असं घराघरात सहज म्हटलं जातं. पोरं एकमेकांना चिडवतात, शिक्षक वर्गात म्हणतात, नाटकात हशा येतो. त्या दोन नावांमागे भिंती आहेत, भिंतींमागे शंभरहून अधिक वर्षांत राहून गेलेली हजारो माणसं आहेत, आणि त्यातल्या एकाचीही गोष्ट मराठी माणसाला माहीत नाही. तेंडुलकरांची पात्रं माहीत आहेत, खानोलकरांची माहीत आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने 2004 मध्ये स्किझोफ्रेनिया झालेला माणूस आणि त्याची बहीण पडद्यावर आणली, तेव्हा कित्येक घरांना पहिल्यांदा शब्द सापडले. पण रुग्णालयाच्या आत राहिलेल्यांचं दप्तर अजून बंद आहे.

ते दप्तर आहे कुठे? मंत्रालयाच्या भाषेतच सांगायचं तर ते अभिलेख कक्षात आहे. शासनाच्या नियमाने कागदपत्रांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. ‘अ’ कायम जपायचं, ‘ड’ लवकर नष्ट करायचं. सामानाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला असते, आणि ते निकामी ठरलं की निर्लेखन होतं. दोन्ही व्यवस्था आवश्यक आहेत, त्यांच्याशिवाय कार्यालयं कागदाखाली गाडली जातील. पण विलार्डचा माळा याच चाळणीतून गेला असता तर काय उरलं असतं? ठेवणीतले काळे बूट, जोड एक, वापरण्यास अयोग्य. बाळाचे कपडे, नग अमुक, निर्लेखित. घरी लिहिलेलं न पाठवलेलं पत्र कुठल्या वर्गात घालायचं याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. जुन्या वस्तू जपा असं म्हणताना आज आत असलेल्या जिवंत माणसांना विसरून चालणार नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 जण जळून मेले, तेव्हा देशाला कळलं की मनोरुग्णांना अजून साखळ्या आहेत. विलार्डला 1869 मध्ये पहिल्या दिवशी जे रुग्ण आणले गेले, त्यांतले काही बेड्यांतच होते. जिल्ह्याजिल्ह्यातल्या गरिबांच्या आश्रयगृहांमध्ये अशा माणसांना कसं कोंडलं जातं, याची पाहणी डॉ. सिल्वेस्टर विलार्ड यांनी आधी केली होती आणि त्यांच्याच नावाने हे रुग्णालय निघालं. साखळी तोडायला निघालेली संस्था पुढे दाराला कुलूप लावून बसली आणि माणूस बरा झाला तरी कुलूप निघालं नाही. आपल्या 2017 च्या कायद्याचं कलम 19 नेमकं यावर बोट ठेवतं: घरचे नेत नाहीत, घर नाही, बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि त्यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून देशभर त्यांच्या घरी पोहोचवतात, या कामासाठी वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाव शोधायचं, बोली ओळखायची, गावातल्या पोलीस पाटलाला गाठायचं आणि दारात नेऊन सोडायचं, असं हे काम. घर सापडतं ते एखाद्या आठवणीवरून, उच्चारावरून, पिशवीतल्या चिठ्ठीवरून.

म्हणजे पेटीतला कागद हा फक्त इतिहास नसतो. तो पत्ता असू शकतो.

मृतांच्या बाबतीतही हेच. ठाण्यात, येरवड्यात, नागपुरात, रत्नागिरीत रुग्ण वारला आणि कुणी आलं नाही, की बेवारस म्हणून अंत्यविधी उरकला जातो. त्याची नोंद कुठेतरी होतेच: मृत्यू नोंदवहीत, पोलीस ठाण्यात, महापालिकेच्या स्मशानात. चार शहरांतल्या त्या नोंदी एकत्र आल्या, तर कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या एखाद्या घरातल्या भिंतीवर फोटो नसलेल्या आजोबांचं काय झालं ते नातवाला कळेल. ओरेगनला जमलं. साडेतीन हजार डबे होते त्यांच्याकडे, आणि एक यादी.

महोदय, मागणं मोठं नाही. नव्या इमारतीचा एक दिवसही अडवायचा नाही. जुनी इमारत पाडायच्या आधी तिच्या माळ्यावर, कोठारात, रेकॉर्ड रूममध्ये पुराभिलेख संचालनालयाचा एक माणूस आणि राज्याच्या वस्तुसंग्रहालयांचा एक माणूस यांना रुग्णालयाच्या जुन्या कर्मचाऱ्याबरोबर आत पाठवा. जुना परिचर, जुनी परिचारिका, निवृत्त कारकून यांना कुठल्या दाराआड काय आहे ते माहीत असतं. विलार्डचा माळाही तिथल्या कर्मचाऱ्यानेच उघडला होता. जे सापडेल त्याची यादी होऊ दे, फोटो निघू देत. रुग्णांचं सामान, पत्रं, रुग्णांनी काढलेली चित्रं, विणलेल्या वस्तू, भिंतींवरचा मजकूर, यांना निर्लेखनातून वगळणारा एक शासन निर्णय काढा. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या ‘अ’ वर्गात घाला. एक जुना वॉर्ड, एकच, दुरुस्त करून ठेवा आणि त्यात काय ठेवायचं हे ठरवताना मनाच्या आजारातून गेलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना समितीत बसवा. पेनी आणि स्टॅस्टनी यांनी जोडीने काम केलं म्हणूनच त्या पेट्या बोलल्या. एकटा डॉक्टर केसपेपरच वाचत राहिला असता.

आणि नावांचं बघा. जिवंत माणसाच्या गोपनीयतेला हात न लावता, ज्यांना जाऊन अनेक दशकं झाली त्यांची नावं त्यांच्या माणसांना मिळतील अशी वाट कायद्याच्या जाणकारांकडून काढून घ्या. कुणी नातू चौकशीला आला तर त्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर न पाठवता ‘हो, ते इथे होते, अमुक साली गेले’ एवढं तरी सांगता यावं.

विलार्डची पुढची गोष्ट अशी की रुग्णालय बंद झाल्यावर त्या आवाराच्या काही भागात राज्याने व्यसनमुक्तीचा तुरुंग चालवला. 2022 मध्ये तोही बंद झाला. तळ्याकाठच्या विटांच्या इमारती आता रिकाम्या आहेत, काहींची छपरं बसलीत. पेट्या मात्र राज्य संग्रहालयात सुरक्षित आहेत, प्रत्येकीला क्रमांक आहे, प्रत्येकीतल्या वस्तूंची यादी आहे. लॉरेन्स मोचाचे काळे बूटही तिथेच आहेत.

आपण ठाण्याच्या जुन्या इमारतींची पाहणी करायला जाल, तेव्हा कृपया शिडी मागवा आणि माळ्यावरही जाऊन या.

कळावे.